वरच्या मजल्यावर कोण बसतं, ते आधी विचारा

बटलर विद्यापीठात ब्रॅड स्टीव्हन्स सहा हंगाम प्रशिक्षक होते. त्या सहा हंगामांत मिळून त्यांचा संघ ४९ सामने हरला. २०१३ साली ते बोस्टन सेल्टिक्सकडे गेले आणि पहिल्याच हंगामात ५७ सामने हरले. कॉलेजचं मैदान गाजवलेल्या बास्केटबॉल प्रशिक्षकाला एनबीएच्या संघाकडून बोलावणं येतं तेव्हा पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून यावा. आणि स्टीव्हन्स यांचं उदाहरण यशस्वी प्रशिक्षकाचं आहे. अपयशी ठरलेल्यांची यादी बरीच लांब आहे.

तुम्ही कॉलेजचा संघ घडवला असेल, जिंकून दाखवलं असेल आणि आता व्यावसायिक संघाचा फोन आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं सगळी अमेरिकेतली आहेत, कारण कॉलेजचा खेळ आणि व्यावसायिक खेळ हे दोन्ही इतके मोठे आणि तरी एकमेकांपासून इतके वेगळे दुसरीकडे कुठेच नाहीत. प्रो कबड्डीसारख्या लीग आल्यापासून आपल्याकडेही क्लबचा किंवा कॉलेजचा संघ सांभाळणाऱ्या एखाद्या सरांना असं बोलावणं येऊ शकतं. त्यांनाही यातलं बरंच काही लागू पडेल.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. बोलणी करताना पैशाचा आकडा आणि पदाचा अधिकार या दोन गोष्टींवर जोर देऊ नका, मुदतीवर द्या. आणि त्याआधी, खेळाडू निवडणारा माणूस कोण आहे, त्याची खुर्ची किती पक्की आहे आणि मालकाला हरण्याची किती सवय आहे, हे खोदून खोदून विचारा. आजवर जे फसले, त्यांतले बहुतेक जण डावपेचांत कमी पडले नव्हते. चुकीच्या घरात शिरल्यामुळे ते फसले.

आधी धंदा किती बदलतो ते पाहू. कॉलेजमध्ये संघ तुम्ही जमवता. एखाद्या गावातल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईशी बोलता, त्याला तुमच्या पद्धतीत कुठे बसवायचं हे आधी ठरवता आणि मगच त्याला आणता. नाव विद्यापीठाचं असलं तरी लोक संघाला तुमच्या नावाने ओळखतात. खेळाडू येतात-जातात, तुम्ही राहता. एनबीएत हे गणित उलटं होतं. ज्या खेळाडूचा पाच वर्षांचा करार आहे तो राहतो आणि प्रशिक्षक बदलतो. संघ जनरल मॅनेजर बांधतो, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणाला घ्यायचं ते तो ठरवतो. आज तुम्ही ज्याच्याभोवती चाली रचल्या, तो फेब्रुवारीच्या एका दुपारी दुसऱ्या शहरात पाठवला जातो. तुम्हाला विचारतील, पण बहुतेक वेळा निर्णय झाल्यावर.

दुसरा फरक सरावाचा. कॉलेजमध्ये हंगाम सुरू होण्याआधी जवळजवळ सहा आठवडे शिकवायला मिळतात. हंगामात सरावावर आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. ती कमी वाटते, पण आठवड्यात सामने दोनच असतात. मंगळवारी बचावात जे चुकलं ते बुधवारी आणि गुरुवारी घोटून घेता येतं. एनबीएत सहा महिन्यांच्या आतच ८२ सामने खेळायचे असतात. सोमवारी रात्री एका शहरात सामना संपतो, मध्यरात्री विमान, पहाटे हॉटेल. मंगळवारी संध्याकाळी तिथे दुसरा सामना. दुपारच्या आधी अर्धा-पाऊण तास मैदानावर पाय मोकळे करायचे, प्रतिस्पर्ध्याच्या तीन-चार चाली चालत चालत दाखवायच्या, झालं. त्या वेळात तुमच्या ताऱ्याच्या पोटऱ्यांवर बर्फ बांधलेला असतो आणि तो बाजूला बसून बघत असतो. नोव्हेंबर संपला की खऱ्या अर्थाने सराव म्हणावा असे दिवस फारसे उरत नाहीत. ज्या प्रशिक्षकाची सगळी ताकद रोजच्या सरावात आहे, घासूनपुसून माणूस घडवण्यात आहे, त्याचं मुख्य हत्यारच इथे काढून घेतलेलं असतं. स्वतःला हा प्रश्न फोन आल्या रात्रीच विचारा: मला शिकवायला आवडतं, की सामना चालवायला? उत्तर पहिलं असेल, तर जाण्याआधी दहा वेळा विचार करा.

तिसरा फरक हरण्याचा. स्टॅनफर्डचे माइक मॉन्टगोमरी २००३-०४ च्या हंगामात ३० सामने जिंकले आणि २ हरले. त्याच उन्हाळ्यात ते गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेले. पहिला हंगाम ३४ विजय, ४८ पराभव. दुसरा हंगाम ३४ विजय, ४८ पराभव. मग नारळ. स्टॅनफर्डमध्ये अठरा वर्षं घालवलेला, शांत डोक्याचा, खेळाची उत्तम जाण असलेला हा माणूस दोन वर्षांत विसरला गेला. नोव्हेंबरमध्ये सलग सहा सामने हरल्यावर सातव्या सकाळी तुम्ही संघापुढे कोणत्या चेहऱ्याने उभे राहता, यावर एनबीएत सगळं असतं. कॉलेजमध्ये एका पराभवानंतर प्रशिक्षक दोन दिवस जेवत नाही, याचं लोकांना कौतुक वाटतं. इथे तसं केलंत तर जानेवारीपर्यंत तुम्ही आजारी पडाल आणि खेळाडूंना त्याच्या आधीच तुमचा कंटाळा येईल.

आता मुख्य मुद्दा, वरच्या मजल्याचा. रिक पिटिनो यांची गोष्ट मी थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात प्रत्येक प्रशिक्षकाच्या मनातला मोह दिसतो. १९९६ साली त्यांनी केंटकीला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्या वर्षी संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. त्याआधी दोन वर्षं न्यूयॉर्क निक्सचं प्रशिक्षकपद सांभाळून ५२ विजयांचा हंगामही त्यांनी दाखवला होता, म्हणजे एनबीए त्यांना नवी नव्हती. १९९७ मध्ये सेल्टिक्सने त्यांना दहा वर्षांचा, सुमारे ७ कोटी डॉलरचा करार दिला. त्या काळात हा आकडा ऐकून लोक अवाक झाले होते. पिटिनोंनी पैशासोबत अधिकारही मागून घेतला. संघाचे प्रशिक्षक तेच आणि अध्यक्षही तेच. रेड ऑरबॅक यांच्याकडे असलेलं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. वर कोणी नको, म्हणजे कोणी आडवं येणार नाही, हा त्यामागचा हिशेब.

त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये टिम डंकन होता आणि पहिल्या क्रमांकाची सोडत लागण्याची सर्वाधिक संधी बोस्टनला होती. सोडतीत पहिला क्रमांक सॅन अँटोनियोला लागला, बोस्टनच्या वाट्याला तिसरा आणि सहावा आला. इथपर्यंत नशिबाचा भाग. तिसऱ्या क्रमांकावर पिटिनोंनी चॉन्सी बिलप्स घेतला आणि सहाव्यावर केंटकीतला आपलाच रॉन मर्सर. बिलप्स ५१ सामने खेळला आणि हंगाम संपायच्या आत टोरंटोला देऊन टाकला गेला. हाच बिलप्स २००४ मध्ये डेट्रॉइटकडून अंतिम मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. प्रशिक्षकाला आज रात्रीचा सामना जिंकायचा असतो, अध्यक्षाने चार वर्षांनंतरचं बघायचं असतं. एकाच माणसाच्या डोक्यात ही दोन माणसं भांडली की प्रत्येक वेळी प्रशिक्षक जिंकतो, आणि तिथेच संघ हरतो. पिटिनोंनी १९९८ मध्ये दहाव्या क्रमांकावर पॉल पिअर्स निवडला, हे श्रेय त्यांचंच. पण तो मोठा होईपर्यंत ते थांबू शकले नाहीत. जानेवारी २००१ मध्ये १०२ विजय आणि १४६ पराभव नावावर घेऊन त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे साहाय्यक जिम ओब्रायन यांनी जबाबदारी घेतली आणि पुढच्याच वर्षी तोच संघ पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला.

म्हणून, अधिकार मागू नका. मिळत असला तरी घेऊ नका. जॉन कॅलिपारी यांनीही १९९६ मध्ये न्यू जर्सी नेट्सकडे जाताना संघबांधणीत मोठा वाटा मिळवला होता. दुसऱ्या हंगामात त्यांनी संघाला प्ले-ऑफमध्ये नेलं, तिसऱ्यात ३ विजय आणि १७ पराभव अशी सुरुवात झाल्यावर त्यांना घरी पाठवण्यात आलं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे वर काय शिजतंय याची चौकशीच न करता जाणं. टिम फ्लॉइड १९९८ मध्ये आयोवा स्टेटमधून शिकागो बुल्सकडे आले, तेव्हा जॉर्डन, पिपेन आणि फिल जॅक्सन बाहेर पडले होते किंवा पडत होते. फ्लॉइड यांच्या वाट्याला उरलेलं घर आलं: ४९ विजय, १९० पराभव. यूएनएलव्हीचे जेरी टार्केनियन १९९२ मध्ये सॅन अँटोनियोला गेले. अनुभवी पॉइंट गार्ड हवा, या मागणीवरून मालकाशी खटके उडाले आणि अवघ्या २० सामन्यांनंतर त्यांना काढलं. तेव्हा त्यांचे ९ विजय आणि ११ पराभव होते, म्हणजे फार वाईटही नव्हतं. अटलांटा हॉक्सच्या व्यवस्थापनाने २००२ च्या हंगामाआधी जाहीर करून टाकलं, की संघ प्ले-ऑफमध्ये गेला नाही तर हंगामी तिकीटधारकांना काही रक्कम परत करू. प्रशिक्षक होते इलिनॉयहून आलेले लॉन क्रुगर. डिसेंबर संपायच्या आत त्यांना काढण्यात आलं. तुमच्या खांद्यावर अशी हमी ठेवणारा मालक पहिल्या भेटीतही ओळखू येतो. तो तुम्हाला ‘कधी जिंकणार’ असं विचारतो, ‘काय लागेल’ असं विचारत नाही.

आता स्टीव्हन्स. ३६ वर्षांचे असताना त्यांना सेल्टिक्सने घेतलं. बटलरसारख्या छोट्या विद्यापीठाला त्यांनी २०१० आणि २०११ असं लागोपाठ दोनदा राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेलं होतं. ड्यूकविरुद्धचा सामना तर दोनच गुणांनी गेला. पण ते बोस्टनला गेले कसे, ते बघण्यासारखं आहे. संघ सरळ मोडायला काढला होता. गार्नेट आणि पिअर्स या दोन वयस्क ताऱ्यांना ब्रुकलिन नेट्सला देऊन बदल्यात पुढच्या वर्षांचे ड्राफ्ट-हक्क घेण्याचा व्यवहार ठरत होता. म्हणजे पहिलं वर्ष हरण्याचं, हे मालकाला, जनरल मॅनेजर डॅनी एंज यांना आणि प्रेक्षकांनाही ठाऊक होतं. करार सहा वर्षांचा, २.२ कोटी डॉलरचा होता. पिटिनोंच्या आकड्यापुढे तो किरकोळ वाटेल. पण २५ विजय आणि ५७ पराभवांनंतर कोणी त्यांच्या नोकरीची चर्चा केली नाही, कारण तेच अपेक्षित होतं. दुसऱ्या वर्षी ४० विजय आणि प्ले-ऑफ, तिसऱ्या वर्षी ४८, चौथ्या वर्षी ५३. नेट्सकडून आलेल्या हक्कांतून जेलन ब्राउन आणि जेसन टेटम आले. २०२१ मध्ये स्टीव्हन्स स्वतः वरच्या मजल्यावर गेले आणि २०२४ मध्ये जो माझुला प्रशिक्षक असताना सेल्टिक्स विजेते झाले. खेळाडू निवडण्याची सत्ता त्यांना मिळाली ती आठ वर्षं खाली राहून काम केल्यावर, आणि तेव्हा त्यांनी प्रशिक्षकपद सोडलं.

हे उदाहरण समोर ठेवून मुलाखतीत काय विचारायचं ते ठरवा. पहिल्या हंगामात २० सामने जिंकले तर पुढच्या वर्षी आपण याच टेबलावर बसलेलो असू का, असं मालकाला तोंडावर विचारा आणि उत्तरापेक्षा तो ते देताना कोणाकडे बघतो याकडे लक्ष द्या. जनरल मॅनेजरचा स्वतःचा करार किती वर्षांचा उरला आहे? तुम्हाला आणणारा माणूस वर्षभरात गेला, तर येणारा नवा माणूस आपला प्रशिक्षक आणणारच. पुढच्या तीन वर्षांतले ड्राफ्ट-हक्क संघाकडे आहेत की विकून खाल्ले आहेत? कोणत्या दोन खेळाडूंचे करार पुढच्या उन्हाळ्यात संपतात? गेल्या दहा वर्षांत इथे किती प्रशिक्षक झाले? हे सगळं छापील स्वरूपात उपलब्ध असतं, तरी तोंडाने विचारा. जो माणूस या प्रश्नांनी चिडतो, तो डिसेंबरात कसा वागेल ते तिथेच कळतं. आणि कराराच्या रकमेतली किती हमीची आहे, काढून टाकलं तर किती वर्षांचे पैसे मिळतील, हे वकिलाकडून वाचून घ्या. लांब मुदत मालकालाही बांधते. काढणं महाग पडलं की संयम आपोआप येतो.

लॅरी ब्राउन यांचंही उदाहरण लक्षात ठेवावं. कॉलेज आणि एनबीए या दोन्हींचं विजेतेपद मिळवणारे ते एकमेव प्रशिक्षक: १९८८ मध्ये कॅन्सस, २००४ मध्ये डेट्रॉइट. कॅन्ससच्या विजेतेपदानंतर ते सॅन अँटोनियोला गेले आणि पहिल्या हंगामात २१ जिंकून ६१ हरले. पण डेव्हिड रॉबिन्सन नौदलातली सेवा संपवून येणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तो आला आणि पुढच्या हंगामात विजय ५६ झाले. कोण येणार आहे हे माहीत असताना हरणं परवडतं.

खेळाडूंशी बोलण्याची भाषा बदलावी लागते, याकडे यशस्वी माणूस सर्वांत कमी लक्ष देतो. एकोणीस वर्षांचा मुलगा तुमची बोलणी ऐकून घेतो, कारण मैदानावर किती वेळ खेळायचं ते तुम्ही ठरवता आणि त्याचं पुढचं आयुष्य त्यावर असतं. तिशीतल्या, दोन मुलांच्या बापाला, तुमच्या कितीतरी पट कमावणाऱ्याला ओरडून काही मिळत नाही. सीटन हॉलहून एनबीएत आलेले पी. जे. कार्लेसिमो सरावात कडक बोलण्यासाठी ओळखले जात. डिसेंबर १९९७ मध्ये लॅट्रेल स्प्रीवेल या खेळाडूने सरावातच त्यांचा गळा धरला. खेळाडूवर ६८ सामन्यांची बंदी आली. दोष त्याचाच, यात दुमत नाही, पण तिथपर्यंत गोष्ट जाते याचं भान हवं.

जॉन बेलाइन यांची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. मिशिगनला दोनदा राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेणारा हा माणूस, कॉलेजच्या जगात अत्यंत सज्जन म्हणून नावाजलेला. वयाच्या ६६ व्या वर्षी, २०१९ मध्ये, ते क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सकडे आले. संघात कोवळी पोरं आणि करार संपत आलेले अनुभवी खेळाडू अशी विचित्र मोट होती. बेलाइन यांनी कॉलेजसारखेच लांब सराव आणि लांब चित्रफीत-बैठका सुरू ठेवल्या, मूलभूत गोष्टी पुन्हा पुन्हा घोटून घेतल्या. अनुभवी खेळाडू कंटाळले. जानेवारीत अशाच एका बैठकीत त्यांच्या तोंडून खेळाडूंसाठी ‘थग्ज’ हा शब्द गेला. आपल्याला ‘स्लग्ज’ म्हणजे गोगलगाई म्हणायचं होतं, असं सांगून त्यांनी माफी मागितली. ज्या खोलीत आधीपासून विश्वास असतो, तिथे असा शब्द हसण्यावारी जातो. इथे तो गेला नाही. फेब्रुवारीत १४ विजय आणि ४० पराभवांवर त्यांनी स्वतःहून पद सोडलं. पाच वर्षांच्या करारातलं पहिलं वर्षही पुरं झालं नव्हतं. मला या प्रकरणात नेहमी वाटतं, की त्यांना कोणीतरी ऑगस्टमध्येच संघातल्या दोन ज्येष्ठ खेळाडूंबरोबर जेवायला बसवायला हवं होतं. सराव किती वेळ घ्यायचा, हे त्या टेबलावर मिटलं असतं.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या हातातला आहे: साहाय्यक. कॉलेजमधली आपली सगळी माणसं बरोबर नेण्याचा मोह आवरा. एक-दोन जण जरूर न्या, कारण रात्री दीड वाजता मनातलं बोलायला कोणी लागतं. पण पहिल्या खुर्चीवर एनबीएत पंधरा-वीस वर्षं घालवलेला माणूस हवा. स्टीव्हन्स यांनी पहिल्या वर्षी रॉन ॲडम्स यांच्यासारखा मुरलेला साहाय्यक घेतला. बिली डोनोवन २०१५ मध्ये फ्लोरिडाहून ओक्लाहोमा सिटीला गेले तेव्हा त्यांच्या शेजारी माँटी विल्यम्स आणि मॉरिस चीक्स होते. दोघेही एनबीएत मुख्य प्रशिक्षक राहिलेले. पहिल्याच हंगामात डोनोवन यांचे ५५ विजय झाले आणि पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटवर त्यांच्या संघाने ३-१ अशी आघाडी घेतली होती. ती मालिका हातची गेली आणि त्या उन्हाळ्यात संघाचा तारा ड्युरंटही गेला, ते वेगळं.

डावपेचांबद्दल फार लिहीत नाही, कारण हुशार प्रशिक्षक ते दोन महिन्यांत शिकतो. बास्केटकडे चेंडू फेकायला ३० ऐवजी २४ सेकंद, सामना ४० ऐवजी ४८ मिनिटांचा, तीन गुणांची रेषा आणखी मागे. बास्केटखाली बचावपटूला तीन सेकंदांहून अधिक नुसतं उभं राहता येत नाही, त्यामुळे कॉलेजमध्ये गाजलेले झोन बचाव इथे जसेच्या तसे चालत नाहीत. मात्र ज्याची पद्धत मुळातच व्यावसायिक खेळाच्या दिशेची आहे, त्याला वेळ कमी लागतो. महिलांच्या लीगमध्ये कार्ल स्मेस्को हे ताजं उदाहरण. फ्लोरिडा गल्फ कोस्टमध्ये दोन दशकांहून अधिक काळ तीन गुणांच्या फेकींवर आधारलेला खेळ त्यांनी रुजवला होता. २०२५ मध्ये ते अटलांटा ड्रीमकडे गेले आणि पहिल्याच हंगामात ३० सामने जिंकले, १४ हरले.

नाही म्हणायचं असेल तर ते वेळेत आणि एकदाच म्हणा. २००४ मध्ये लेकर्सनी माइक शेशेफ्स्की यांना बोलावलं. त्यांनी नकार दिला, ड्यूकमध्येच राहिले आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाला २००८, २०१२ आणि २०१६ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवून दिली. एनबीएतले सगळे तारे त्यांच्या हाताखाली खेळले, तेही कॉलेजची नोकरी न सोडता. २०१० मध्ये मिशिगन स्टेटचे टॉम इझो क्लीव्हलँडला जाता जाता थांबले. लेब्रॉन जेम्स राहणार की जाणार, याचं उत्तर त्यांना कोणी देऊ शकत नव्हतं. जुलैत लेब्रॉन मायामीला गेला आणि क्लीव्हलँडचा संघ पुढच्या हंगामात सलग २६ सामने हरला. जून २०२४ मध्ये कनेक्टिकटचे डॅन हर्ली यांना लेकर्सनी सहा वर्षांसाठी ७ कोटी डॉलर देऊ केले. लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं नुकतीच खिशात होती. काही दिवस विचार करून त्यांनी नकार दिला आणि त्याच उन्हाळ्यात विद्यापीठाने त्यांच्याशी सहा वर्षांचा, ५ कोटी डॉलरचा नवा करार केला. माझ्या मते हर्ली यांचा निर्णय बरोबर होता. प्रत्येक सामना कडेला उभं राहून जिवाच्या आकांताने जगणाऱ्या माणसाला ८२ रात्री तसं जगता येत नाही.

हो म्हणून मग नाही म्हणणं मात्र फार महागात पडतं. डोनोवन यांनी २००७ मध्ये ऑर्लँडो मॅजिकशी करार केला, पत्रकार परिषद झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांचं मन फिरलं. संघाने त्यांना मोकळं केलं, पण पाच वर्षं एनबीएत प्रशिक्षक होणार नाही असं लिहून घेतलं. तेव्हा सही करण्याआधी दोन रात्री घरी झोपा. बायकामुलांशी बोला. ज्या गावात रस्त्यावर लोक तुम्हाला हाक मारतात, ते गाव सोडल्यावर काय वाटेल, याचा विचार विमानतळावर करण्यात अर्थ नाही.

परतीची वाट बंद होत नाही, हे मात्र धीर देणारं आहे. कॅलिपारी नेट्सनंतर फिलाडेल्फियात साहाय्यक झाले, मग मेम्फिस, मग केंटकी, आणि २०१२ मध्ये राष्ट्रीय विजेते. पिटिनो लुइव्हिलला गेले. मॉन्टगोमरी, क्रुगर, फ्लॉइड, सगळे कॉलेजमध्ये परतले आणि जिंकले. पन्नाशीच्या आत असाल तर एक प्रयत्न फसला म्हणून आयुष्य फसत नाही. पासष्टीला मात्र दुसरी संधी धरून चालू नका.

सरळ उडी मारायची नसेल तर पायऱ्याही आहेत. क्विन स्नायडर मिसूरीतून बाहेर पडल्यावर ऑस्टिनच्या विकास-लीग संघाकडे गेले, मग तीन-चार ठिकाणी साहाय्यक, मध्ये मॉस्कोला एक हंगाम, आणि २०१४ मध्ये युटा जॅझचे मुख्य प्रशिक्षक. तिथे आठ वर्षं टिकले. वाट लांबची, पण पोचले तेव्हा त्यांना शिकायचं काही उरलं नव्हतं. गोंझागाचे मार्क फ्यू यांनी राष्ट्रीय संघाचे साहाय्यक म्हणून पॅरिस ऑलिंपिकचा अनुभव घेतला. उन्हाळ्यातले सहा आठवडे अशा खोलीत बसून बघितलं, की आपल्याला ते जग मानवतं का, ते कळतं. शक्य असेल तर आधी हेच करा.

एका कारणासाठी मात्र जाऊ नका: कॉलेजचा वैताग आला म्हणून. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, बदली करणाऱ्या खेळाडूंचं पोर्टल मोकळं झालं आहे आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठासाठी मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. व्हर्जिनियाचे टोनी बेनेट, २०१९ चे राष्ट्रीय विजेते, २०२४ च्या हंगामाच्या तोंडावर निवृत्त झाले. या नव्या वातावरणासाठी आपण योग्य नाही, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर ज्या गोष्टींना कंटाळलात त्याच एनबीएत मूळ रूपात भेटतील. एजंट, करार, दर उन्हाळ्यात नवा संघ. उलट ज्यांना हा नवा व्यवहार जमू लागला आहे, खेळाडूच्या एजंटशी बोलताना ज्यांचा आवाज चढत नाही, त्यांनी जायला हरकत नाही. त्यांची अर्धी तयारी झालेली आहे.

आणि जायचं ठरलंच, तर बातमी फुटायच्या आत आपल्या खेळाडूंना एकत्र बसवून स्वतः सांगा. एजंटला आणि विद्यापीठाला आधीच बजावून ठेवा, की मी मुलांशी बोलेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. प्रशिक्षक गेल्यावर खेळाडूंना पोर्टलमध्ये नाव नोंदवायला वेगळी मुदत मिळते. ती मुलं कुठे जातील, कोणाशी बोलतील, कोणत्या प्रशिक्षकाचा फोन घ्यावा, हे त्यांना तुमच्याइतकं चांगलं कोणी सांगू शकत नाही. पुढचे दोन आठवडे त्यासाठी राखून ठेवा. नव्या संघाला कळवा, की मी येतोय, पण मला एवढा वेळ लागेल. जे व्यवस्थापन याला नाही म्हणेल, त्याच्याशी केलेल्या करारावरची शाई अजून ओली असेल तर पुन्हा एकदा वकिलाला फोन करा.